कीर्द, खतावणी आणि ताळेबंद : पेशवे दफ्तरातील हिशेबशुद्धीची परंपरा

१

हिशेब लिहिणे ही एक विद्या आणि लिहिलेल्या हिशेबावरून राज्याची अगर व्यापाराची स्थिती ओळखणे ही दुसरी विद्या. या दोहोंच्या मध्ये एक तिसरे काम असते व त्याकडे इतिहासकारांचे लक्ष क्वचितच जाते. ठिकठिकाणांहून आलेले, निरनिराळ्या हातांनी लिहिलेले, निरनिराळ्या नाण्यांत, मापांत आणि कालगणनांत मांडलेले आकडे पारखून घेणे, त्यांतील दोष काढणे आणि त्यांना एका साच्यात आणून तुलनेस योग्य करणे हे ते काम होय. आजच्या व्यापारी माहिती-विश्लेषणात यालाच माहितीची शुद्धी व रूपांतर म्हणतात, आणि विश्लेषकाचा पुष्कळसा वेळ विश्लेषणात न जाता या पूर्वतयारीत जातो ही गोष्ट त्या क्षेत्रात सर्वमान्य आहे. यंत्रे नवी असली तरी काम नवे नाही. अठराव्या शतकातील पुण्याच्या हुजूर दफ्तरात हेच काम पिढ्यान्‌पिढ्या चालले होते. त्यासाठी कारकून तयार केले जात होते, आणि त्या कामाची परिभाषा आजही मराठीत जिवंत आहे. रुजुवात, ताळा, बेरीज, बाकी, बितपशील, कच्चा हिशेब व पक्का हिशेब हे शब्द त्या परंपरेचेच अवशेष होत.

प्रस्तुत लेखाचा उद्देश या परंपरेचे गुणगान करणे हा नाही. कच्च्या नोंदीपासून ताळेबंदापर्यंतच्या प्रवासात प्रत्येक पायरीवर काय मिळविले जाई व काय गमावले जाई, आणि ही परंपरा मोडली ती नेमकी कोणत्या पायरीवर, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

२

मराठी हिशेबपद्धतीचा पाया म्हणजे रोजकीर्द. 'कीर्द' हा शब्द फारसीतील 'करणे' या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. त्या दिवशी जे घडले, जे दिले-घेतले गेले, ते घडले त्या क्रमाने लिहावयाचे हा कीर्दीचा नियम. कीर्दीत निवड नसते. हत्तीच्या चाऱ्याचा खर्च, एखाद्या शास्त्र्याला दिलेली दक्षिणा, किल्ल्याच्या दुरुस्तीची मंजुरी आणि परगण्याहून आलेला भरणा हे सर्व एकाखाली एक येतात, कारण ते एकाच दिवशी घडलेले असतात. म्हणूनच कीर्द ही सर्वांत विश्वसनीय, पण सर्वांत कमी बोलकी असते. पागेवर वर्षभरात किती खर्च झाला, या प्रश्नाचे उत्तर कीर्दीत सर्वत्र विखुरलेले असते, आणि म्हणूनच ते कोठेही दिसत नाही.

दुसरी पायरी खतावणीची. येथे कालक्रम मोडून विषयक्रम स्वीकारला जाई. प्रत्येक नोंद उचलून तिच्या खात्याखाली बसवावयाची. सावकारी पेढ्यांवरही हीच रीत होती, आणि 'कीर्द-खतावणी' हा जोडशब्द व्यापारी मराठीत रूढ झाला तो यामुळेच. घडणी ही याच कामाची दफ्तरी शाखा असून पेशवे दफ्तरात तिचे रुमाल स्वतंत्रपणे बांधलेले आढळतात. रोजकीर्दीतील मजकूर विषयवार, प्रांतवार लावून 'घडविणे' असा तिचा अर्थ. यापुढची पायरी तर्जुम्याची. 'तर्जुमा' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ भाषांतर. हिशेबी परिभाषेत तो गोषवाऱ्याला लावला गेला ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. तपशिलाच्या भाषेतून बेरजेच्या भाषेत केलेले हे भाषांतरच होय, आणि भाषांतरात जे घडते ते येथेही घडते. अर्थ पोहोचतो, पण मूळचे कित्येक विशेष गळून पडतात. शेवटी ताळेबंद. त्यात जमा, खर्च आणि बाकी यांचा मेळ घालून वर्षाचा हिशेब बंद केला जाई.

हुजूर दफ्तराची रचनाही या क्रमाला अनुसरून होती. चालते दफ्तर फडणिसाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली असे. त्यातील फडावर हुकूम सुटत, हिशेब स्वीकारले जात आणि रोजची नोंद होई. बेहेड्याच्या शाखेत पुढील वर्षाच्या जमाखर्चाचा अंदाज बांधला जाई, तर सरंजामाच्या शाखेत सरंजामांचे व दुमाला गावांचे हिशेब असत. याहून निराळे असे एकबेरीज दफ्तर पुण्यास कायम राही. सर्व खात्यांचे हिशेब एकत्र करून राज्याचा वार्षिक तर्जुमा तयार करणे हे त्याचे काम. या दफ्तराचे नावच त्याचे प्रयोजन सांगते. अनेक हिशेबांची एक बेरीज करावयाची, आणि ती करता यावी म्हणून अनेकांना आधी एका जातीचे करावयाचे.

३

आता प्रश्न असा की, या नोंदी एका जातीच्या नसत म्हणजे काय? येथे चार अडचणी विशेष होत्या.

पहिली अडचण कालगणनेची. सरकारी कागदांत शुहूर सन लिहिला जाई व तो अंकांत नव्हे तर अरबी संख्यावाचक शब्दांत लिहिण्याची चाल होती. एकम्, दहम्, शतम् या क्रमाने हे शब्द येत. 'सलास सबैन मया व अलफ' म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार, अर्थात ११७३. त्यात ५९९ मिळविले म्हणजे इसवी सन १७७२ येतो आणि जानेवारीपासूनच्या महिन्यांसाठी ६०० मिळवावे लागतात, कारण हे वर्ष मृगापासून सुरू होते. या शब्दांत सबा म्हणजे सात तर सबैन म्हणजे सत्तर, अर्बा म्हणजे चार तर अर्बैन म्हणजे चाळीस. 'सबा अर्बैन मया व अलफ' म्हणजे ११४७ आणि 'अर्बा सबैन मया व अलफ' म्हणजे ११७४. घाईने लिहिलेल्या मोडीत एका प्रत्ययाची गफलत झाली की कागद सत्तावीस वर्षे पुढे अगर मागे जातो. इसवी सन १७४६-४७ मध्ये शाहू छत्रपती हयात होते. १७७३-७४ मध्ये नारायणरावांचा खून होऊन बारभाईंचे कारस्थान उभे राहिले होते. एवढे अंतर एका अक्षराच्या वळणावर अवलंबून असे.

यात आणखी एक गुंतागुंत होती. वर्ष सौर असले तरी महिने व तिथी मुसलमानी चांद्र असत. सौर वर्ष सुमारे ३६५ दिवसांचे आणि चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे. त्यामुळे शुहूर वर्षाच्या प्रारंभीच्या दहा-अकरा दिवसांत येणारी चांद्र तिथी त्याच वर्षाच्या अखेरीस पुन्हा येते. अशा ठिकाणी सन व तिथी दोन्ही बरोबर लिहूनही दिवस निश्चित होत नाही. वार, मागचा-पुढचा मजकूर किंवा लगतची नोंद पाहूनच निर्णय करावा लागतो. एकोणिसाव्या शतकात बाळाजी प्रभाकर मोडक यांनी निरनिराळ्या सनांचा मेळ घालणारी जंत्री प्रसिद्ध केली, तिची गरज इतिहाससंशोधकांना का भासली हे यावरून ध्यानात येईल.

दुसरी अडचण नाण्यांची. पेशवाईत एक रुपया नव्हता, अनेक रुपये होते. अंकुशी, चांदवडी, हाळी, सुरती, मल्हारशाही अशी नाणी निरनिराळ्या टांकसाळींतून निघत आणि त्यांच्या कसाप्रमाणे व झिजेप्रमाणे त्यांवर बट्टा बसे. एखाद्या महालाने शेकडा दोन बट्ट्याच्या नाण्यांत हजार रुपये भरले अशी कल्पना केली, तर ज्या नाण्यांत हुजुरातीचा हिशेब ठेवलेला आहे त्या नाण्यांत ते नऊशे ऐंशीच होतात. कारकुनाने हजार लिहिले तर पोत्यात वीस रुपये कमी भरतील. नऊशे ऐंशी लिहिले तर महालाच्या कागदाशी रुजुवात होणार नाही. म्हणून दोन्ही आकडे आणि त्यांना जोडणारा बट्टा अशा तिन्ही गोष्टी लिहाव्या लागत. रूपांतर केलेला आकडा लिहिताना मूळ आकडा व रूपांतराचा दर पुसावयाचा नाही, हा नियम आजच्या विश्लेषकालाही सांगावा लागतो.

तिसरी अडचण नावांची. एका नावाची गावे अनेक असत आणि शेजारी शेजारीही असत. बुद्रुक आणि खुर्द ही विशेषणे, मौजे अगर कसबे ही संज्ञा, आणि पुढे तर्फ, परगणा व प्रांत हे सर्व लिहिल्याखेरीज गाव निश्चित होत नसे. व्यक्तीच्या बाबतीतही नावापुढे 'बिन' लावून बापाचे नाव, वतन व गाव सांगावे लागे. दफ्तरी मजकुरातील ही लांबण आजच्या वाचकाला कंटाळवाणी वाटते. वस्तुतः ती ओळख पक्की करण्याची युक्ती होती. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही आणि शब्द तोडून लिहिले जात नाहीत, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे ही लांबण अनावश्यक नव्हती हे पटते.

चौथी अडचण दुहेरी मोजणीची. शिपायाचा किंवा सावकाराचा पैसा पुण्याच्या खजिन्यातून रोख न देता एखाद्या महालाच्या वसुलावर वरात देण्याची रीत सर्वत्र होती. अशा वेळी रोकड पुण्यास येतच नसे. ती महालातूनच परभारे खर्च होई. तरीही हुजुरातीच्या हिशेबात ती जमा दाखवून खर्च लिहावी लागे, नाहीतर महालाचा वसूल खरा किती हे समजले नसते. मात्र महालाचा आणि हुजुरातीचा असे दोन्ही हिशेब जसेच्या तसे एकत्र मिळविले तर तीच रक्कम दोनदा मोजली जाई. एकबेरीज दफ्तरातील कारकुनाची खरी परीक्षा येथे होती. बेरीज बिनचूक असूनही हिशेब चुकलेला असू शकतो, हे त्याला शिकावे लागे.

४

ही विद्या शिकविण्यासाठी कोणतीही सरकारी शाळा नव्हती. पंतोजीच्या शाळेत मुलाला अक्षर, पाढे आणि पावकी, निमकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे कोष्टक तोंडपाठ करविले जाई. पुढचे शिक्षण घरी वडिलांच्या हाताखाली अगर दफ्तरात उमेदवारीने होई. लेखनाचे दंडक सांगणारी 'मेस्तके' प्रचारात होती व त्यांचा संबंध परंपरेने हेमाद्रीशी जोडला जातो. पत्राचा मायना कसा असावा, कागद कसा मांडावा, हिशेबाचे कलम कोठे सुरू करावे या गोष्टींचे मार्गदर्शन त्यांत असे.

कागदाची मांडणी हीच या शिक्षणाचा मोठा भाग होती. मराठी हिशेबात एकूण रक्कम प्रथम लिहून खाली 'बितपशील' म्हणून तिची फोड केली जाते. त्या फोडीतील प्रत्येक रकमेची पुन्हा फोड होते आणि प्रत्येक पायरीला कागदावर स्वतंत्र जागा असते. वाचणाऱ्याला पाहिजे तेवढ्या खोलीवर थांबता येते, आणि तपासणाऱ्याला प्रत्येक बेरजेचा ताळा तिथल्या तिथे घेता येतो. मांडणी चुकली की बेरीज शोधताच येत नाही. म्हणून उमेदवाराने प्रथम नकला करावयाच्या, मग खतावणी घालावयाची आणि पुष्कळ काळानंतर तर्जुम्याला हात लावावयाचा, हा क्रम स्वाभाविक ठरतो. नकलेत हात तयार होतो, खतावणीत विवेक तयार होतो. एखादी रक्कम धर्मादायात घालावी की किरकोळीत, याचा निर्णय पाढ्यांनी होत नाही.

तपासणीची खरी भिस्त मात्र एका माणसाच्या कौशल्यावर ठेवलेली नव्हती. मामलतदाराजवळ दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार, पोतनीस असे दरखदार असत. त्यांची नेमणूक हुजुरातून होई व मामलतदाराला त्यांना काढून टाकता येत नसे. एकच व्यवहार अनेकांच्या हातांखालून जाई आणि प्रत्येकाची खूण कागदावर पडे. याखेरीज देशमुख-देशपांडे हे वतनदार परगण्याचे स्वतंत्र कागद राखीत आणि गावोगावचे कुलकर्णी आपले झाडे व वसूलबाकी ठेवीत. मामलतदाराचा हिशेब या वतनी कागदांशी रुजू झाल्याशिवाय मान्य होत नसे. रुजुवात याचा अर्थ नुसती बेरीज पुन्हा करणे नव्हे. ज्यांचे हितसंबंध भिन्न आहेत अशा दोन मूळ साधनांना समोरासमोर आणणे हा तिचा अर्थ. शुद्धीची ही सर्वांत बळकट कसोटी होती, कारण चुकीची नोंद एकाच कागदात सुसंगत राहू शकते, पण स्वतंत्रपणे ठेवलेल्या दोन कागदांत ती टिकणे कठीण असते.

५

बाळाजी बाजीरावांच्या काळापासून सुव्यवस्थित झालेले आणि नाना फडणिसांनी सुधारलेले हे दफ्तर त्यांच्या मृत्यूनंतर, म्हणजे १८०० नंतर, खालावत गेले. दुसऱ्या बाजीरावांच्या कारकिर्दीत ते दुर्लक्षिले गेले, त्यातील कागद बाहेर जाऊ लागले, हे सर्वज्ञात आहे. परंतु हा ऱ्हास केवळ कारकुनांच्या निष्काळजीपणामुळे झाला असे समजणे बरोबर होणार नाही. त्याचे कारण वसुलाच्या पद्धतीत होते.

या काळात महाल मक्त्याने देण्याची पद्धत सर्वत्र पसरली. जास्त रक्कम कबूल करील त्याला महाल द्यावयाचा. तो तोच महाल तुकडे पाडून पोटमक्त्याने देई, आणि अखेरीस ओझे रयतेवर पडे. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८१९ च्या आपल्या अहवालात या पद्धतीचे दुष्परिणाम वर्णिले आहेत. हिशेबाच्या दृष्टीने तिचा परिणाम याहून सूक्ष्म होता. मक्ता म्हणजे एकच आकडा. कोणत्या गावात किती लावणी झाली, कोणाला सूट मिळाली, कोणती जमीन पडीक राहिली, या गोष्टींशी हुजुराताला कर्तव्यच उरले नाही. दरखदारांची खूण आणि वतनदारांची रुजुवात यांचे प्रयोजनच संपले. ठरलेली रक्कम आली की हिशेब जुळला. मागच्या काळातील खाडाखोडीचे, वजावाटीचे, बाकीच्या तगाद्यांचे गुंतागुंतीचे हिशेब पाहता मक्त्याचा हिशेब अत्यंत स्वच्छ दिसतो. पण ती स्वच्छता शुद्धीची नव्हती, रिकामेपणाची होती. ताळेबंद लिहिता येत होता, परंतु त्याच्या मुळाशी असलेली कीर्द आटली होती. राज्याला आपल्या उत्पन्नाचा आकडा माहीत होता आणि आपला मुलूख मात्र माहीत नव्हता.

इंग्रजांनाही हा धडा लवकरच मिळाला. पुणे जिल्ह्यात आर. के. प्रिंगल यांनी १८२० नंतरच्या दशकात जमिनीची पाहणी करून प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढण्याचा प्रयत्न केला. त्यामागे तत्कालीन इंग्रजी अर्थशास्त्रातील खंडाचा सिद्धान्त होता व गणिताची मांडणी बारकाईची होती. तथापि मोजणी आणि पिकांचे व खर्चाचे मूळ आकडेच सदोष होते. १८३० च्या सुमारास अमलात आणलेली ही आकारणी टिकली नाही, आणि गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी पाहणी हाती घेतली. तिच्यात सैद्धान्तिक निव्वळ उत्पन्नाचा हट्ट सोडून जमिनीचे प्रत्यक्ष वर्गीकरण आणि पूर्वीच्या वसुलाचा अनुभव यांवर भर दिला गेला. बाजीरावी मक्त्यात कच्ची नोंदच नव्हती. प्रिंगल यांच्या पाहणीत ती होती, पण पारखलेली नव्हती. दोन्हींचा शेवट रयतेला भोवला.

६

पेशवे दफ्तराचे पुढचे आयुष्य या प्रश्नाला आणखी एक बाजू देते. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदारांच्या हक्कांची चौकशी या दफ्तराच्या आधारे होऊ लागली. ज्या नोंदी राज्याचा जमाखर्च जुळविण्यासाठी लिहिल्या होत्या, त्या आता एखाद्या कुटुंबाचा हक्क सिद्ध अगर असिद्ध करण्यासाठी वाचल्या जाऊ लागल्या. बनावट सनदा यामुळे उघडकीस आल्या हे खरे. पण लिहिणाऱ्याने ज्या प्रश्नासाठी नोंद केली नव्हती त्या प्रश्नाचे उत्तर तिच्याकडून मागितले जात होते, हेही तितकेच खरे. एखादे नाव खतावणीत नसणे याचा अर्थ हक्क नसणे असा होतो, की ती रक्कम दुसऱ्या खात्यात घातली गेली असा होतो, हा निर्णय दफ्तराची घडण जाणणाऱ्यालाच करता येणार. १८५७ पूर्वीच्या असंतोषाच्या कारणांत इनाम कमिशनची गणना केली जाते, ती विसरून चालणार नाही.

इतिहाससंशोधनातही हीच प्रक्रिया पुन्हा घडली आहे. गणेश चिमणाजी वाड यांनी रोजनिश्यांतून उतारे निवडून ते कारकीर्दवार व विषयवार लावले. न्यायमूर्ती रानडे यांनी या साधनांचे महत्त्व १९०० साली विशद केले. पुढे गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तराचे ४५ खंड प्रसिद्ध केले, त्यांत राजकीय पत्रव्यवहाराला प्राधान्य मिळाले. ही थोर कामे होत, आणि त्यांवाचून मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यास पुढे सरकला नसता. परंतु निवड आणि वर्गीकरण ही रूपांतरेच आहेत. वाडांच्या उताऱ्यांवरून एखाद्या खर्चाचे प्रमाण काढू पाहणाऱ्याने हे लक्षात ठेवले पाहिजे की, शेजारच्या ज्या नोंदी उतरून घेतल्या गेल्या नाहीत त्या मूळ रोजकीर्दीतच आहेत. छापील खंड ही खतावणी आहे. कीर्द अद्याप रुमालांत आहे.

७

या इतिहासावरून निघणारे निष्कर्ष थोडक्यात असे मांडता येतील. कच्ची नोंद आणि शुद्ध केलेला हिशेब यांत श्रेष्ठ-कनिष्ठ भाव नाही. पहिलीवाचून दुसरा निराधार आणि दुसऱ्यावाचून पहिली मुकी. शुद्धी म्हणजे विसंगती पुसून टाकणे नव्हे. विसंगती कोठून आली हे ठरवून तिचा निर्णय नोंदविणे म्हणजे शुद्धी. बट्टा लिहून ठेवणारा कारकून आणि नुसता बदललेला आकडा लिहिणारा कारकून यांच्या बेरजा सारख्या आल्या तरी पुढच्या तपासणाऱ्याला उपयोग पहिल्याच्याच कागदाचा होतो. तिसरी गोष्ट, ज्या हिशेबात कधीच काही जुळत नाही तो जसा संशयास्पद, तसाच ज्यात सर्व काही नेहमी जुळते तोही संशयास्पद मानला पाहिजे.

आज वाणिज्य व संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे येणारी माहिती यंत्राने नोंदलेली असते, आणि तिचे रूपांतर क्षणार्धात होते. त्यामुळे मधल्या पायऱ्या दृष्टीआड होण्याचा संभव पूर्वीपेक्षा वाढला आहे. पेशवाईतील उमेदवाराला नकलेपासून तर्जुम्यापर्यंत पोहोचण्यास वर्षे लागत, आणि त्या काळात प्रत्येक आकडा कोठून आला हे त्याच्या हाताला ठाऊक झालेले असे. ती वर्षे परत आणणे शक्य नाही व इष्टही नाही. मात्र ताळेबंदावर विश्वास ठेवण्यापूर्वी कीर्द पाहण्याची जी सवय त्या वर्षांत अंगी बाणत असे, ती मिळविल्याशिवाय आकड्यांचा अर्थ सांगण्याचा अधिकार तेव्हाही प्राप्त होत नव्हता आणि आजही होत नाही.